सहा फुटांवरून सुटलेला बॉल

आमच्या घरात एक माणूस कायम बरोबर असायचा, आणि तो माणूस म्हणजे माझे बाबा. गॅस कंपनीत ते इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते, म्हणजे प्लांटमधले काटे खरं सांगतात की नाही हे तपासणं त्यांचं काम. दिवसभर काट्यांना खोटं पाडून झालं की उरलेला उत्साह घरी आमच्यावर. दूध नेमकं कधी आणि का उतू जातं हे ते ओट्याशी उभे राहून आईला समजावून सांगायचे, आणि त्यांचं सांगणं संपायच्या आत दूध उतू गेलेलं असायचं. मग ओटा आई पुसायची. मूळचे नाशिकचे, पण पुण्याच्या कॉलेजात चार वर्षं काढून त्यांनी आपल्या बोलण्याला रंधा मारून घेतला होता, आणि ज्यांनी तसं केलं नाही त्यांची त्यांना कीव यायची. आई जळगावची. ‘काय करू राहिले तुम्ही?’ असं ती म्हणाली की बाबा क्षणभर डोळे मिटून घ्यायचे. आणि मी, चौदा वर्षांची, इंग्रजी शाळेत शिकणारी अतिशहाणी, त्यांच्या जोडीने डोळे मिटायला शिकले होते.

दोह्यातल्या मुंतझा भागात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतला एसी चोवीस तास घरघरायचा, इतका की तो बंद पडला तर आम्हाला दचकायला व्हायचं. खाली एका केरळी माणसाचं किराणा दुकान, त्याला लागून अफगाणी रोट्यांची भट्टी, पलीकडे टायपिंगचं दुकान, आणि रस्त्यापलीकडच्या मशिदीतली बांग. या घरात वांगं भाजणं हा गुन्हा होता. आई खिडक्या उघडून गॅसवर भरताची वांगी भाजायला घ्यायची, धूर पॅसेजमध्ये शिरायचा, आणि बाबा आतून ओरडायचे, ‘सुमन, एक्झॉस्ट!’ मग तेच भरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर तीनदा मागून घ्यायचे. कळण्याचं पीठ दर सुट्टीत जळगावहून बॅगेतून यायचं, आणि त्याचं वजन माझ्या कपड्यांच्या वजनातून कापलं जायचं. माझी त्यावर केवढी कुरकुर असायची! आता इथल्या मॉलमध्ये म्हणे सगळी पिठं मिळतात. मी आणून पाहिलं एकदा. भाकरी धड थापता आली नाही, तो भाग वेगळा.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची बांग झाली, ऊन कललं, की आई ओढणी कमरेला बांधून खाली उतरायची. बिल्डिंगच्या मागे रेताड मोकळी जागा होती, दोन बेवारस गाड्या आणि एक लांब भिंत. भिंतीवर तिने खडूने चौकोन काढलेला. लग्नाआधी आई सॉफ्टबॉल खेळायची. आमच्याकडे पुण्या-मुंबईच्या बायकांना हे ऐकून हसू यायचं, कारण त्यांच्या मते खेळ म्हणजे बॅडमिंटन, तेही आपल्याच कॉलनीत. पण जळगावकडे मुली सॉफ्टबॉल खेळतात, चांगला खेळतात, आणि आई तर पिचर होती, राज्याच्या टीममधली. पिचर म्हणजे बॅटवालीकडे बॉल टाकणारी. हात खांद्यातून एकदा पूर्ण गोल फिरवायचा आणि खाली आल्यावर मांडीजवळून बॉल सोडायचा. तिचा एक खास बॉल होता, त्याला राइज बॉल म्हणतात. तो मांडीपासून निघायचा आणि बॅटवालीच्या छातीशी पोचायचा, आणि पोचता पोचता वर उडी मारतो असं बॅटवालीला वाटायचं. मी रोज भिंतीजवळ उभी राहून बॉल परत द्यायचे. रोज. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं त्याला ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालणार नाही.

बाबा मात्र एकदाही खाली उतरले नव्हते. सोळा वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला बॉल टाकताना पाहिलं नव्हतं, पण त्या बॉलविषयी त्यांचं मत पक्कं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या शुक्रवारच्या बैठकीत, चहा-पोह्यांवर, ते हमखास सांगायचे, ‘आमची ही म्हणते, हिचा बॉल वर उडी मारतो. हिच्या जळगावात गुरुत्वाकर्षण लागू नाही.’ मग सगळे इंजिनिअर हसायचे, त्यांच्या बायका हसायच्या, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसायचे. आई पोह्यांवर खोबरं पेरत राहायची. तेव्हा मला ते तिचं निरुत्तर होणं वाटायचं. बाबांनाही. बुद्धिमान माणसांचा एक मोठा गुण असा की समोरचा गप्प बसला की आपण जिंकलो हे त्यांना ताबडतोब कळतं.

त्या वर्षी आमच्या शाळेने मुलींची सॉफ्टबॉल टीम काढायचं ठरवलं. पी.टी.च्या सरांना सॉफ्टबॉलचा गंध नव्हता. पालकांच्या दिवशी ते मैदानावर मुलींना बॉल खांद्यावरून फेकायला शिकवत होते, आणि आईला ते बघवेना. ती सरळ मैदानात गेली, त्यांच्या हातून बॉल घेतला आणि टाकला. मागे लावलेली जाळी गदागदा हलली. व्हाइस प्रिन्सिपॉल मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी शिक्षण विचारलं. आईचं बी.पी.एड. झालेलं होतं, त्या सर्टिफिकेटवर घरात कपाटातला कागद म्हणूनच नजर पडायची. सोमवारी शाळेतून फोन आला: मुलींची पी.टी. आणि सॉफ्टबॉल, पूर्ण वेळ, येत्या रविवारी सकाळी सगळे कागद घेऊन या, पुढचा रविवार नाही, कारण दुसरीही एक बाई आहे. कागदांत एक कागद असा होता की तो आईच्या हातातला नव्हता. ती बाबांच्या व्हिसावर दोह्यात राहत होती, आणि नवऱ्याच्या व्हिसावरच्या बाईला नोकरी करायची तर नवऱ्याने लिहून द्यावं लागे की माझी हरकत नाही. आईने त्याच दिवशी खालच्या टायपिंगच्या दुकानातून ते पत्र अरबी आणि इंग्रजीत टाइप करून आणलं. फक्त सही बाकी होती. सोळा वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही अर्ध्या इंचाची.

‘माझी हरकत नाहीच,’ बाबा म्हणाले. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, इंग्रजीतली एक चूक दाखवली आणि ताटाशेजारी ठेवून दिलं. ‘मी काय जुन्या वळणाचा माणूस आहे का, सुमन? प्रश्न परवानगीचा नाही. प्रश्न तू मुलींना काय शिकवणार हा आहे. बॉल वर उडी मारतो, हे शाळेत सांगणार? माझ्या कलीग्जची मुलं आहेत तिथे.’

‘मी बॉल टाकायला शिकवणार. तुमचं सायन्स शिकवायला त्यांच्याकडे मॅडम आहेत.’

‘तेच तर. त्या मॅडम एक सांगणार, तू दुसरं. तू मला सिद्ध करून दाखव की बॉल चढतो, पाच मिनिटांत सही करतो.’

‘आणि नाही चढला तर?’

‘तर मग... बघू. एवढी घाई काय आहे?’

सभ्य माणूस नाही म्हणत नाही, तो बघू म्हणतो. मला पुढे आयुष्यात बरेच सभ्य पुरुष भेटले, आणि प्रत्येकाच्या ‘बघू’त मला बाबांचा आवाज ऐकू आला. आडदांड माणसाशी भांडता तरी येतं. तो ‘नको’ म्हणतो, आपण ‘का?’ म्हणतो. बाबांच्या बाबतीत भांडायला जागाच नसायची, कारण ते तर आपल्याच बाजूचे!

बुधवारी ते ऑफिसच्या प्रिंटरवरून पाच-सहा पानं छापून घेऊन आले. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये वर चढणारा फास्टबॉल खरंच चढतो की तो नजरेचा भास असतो, याबद्दल कुणीतरी लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की उंच मातीच्या चौथऱ्यावरून, सहा फुटांवरून, खांद्यावरून फेकलेला बॉल वर चढूच शकत नाही. त्याला दिलेल्या उलट्या फिरकीमुळे तो फक्त कमी खाली येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की चढला. बाबांना बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांतला फरक ठाऊक नव्हता, आणि फरक असू शकतो अशी शंकाही त्यांना आली नाही. बाहेर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ते मला म्हणाले, ‘स्वाती, गणित तू मांड. आईच्या हातातून बॉल किती उंचीवर सुटतो? तू रोज बघतेस ना?’

मला माहीत होतं. मांडीजवळ, दोन फुटांच्या आसपास. डोळे मिटूनही मी सांगितलं असतं. मी लिहिलं, सहा फूट.

का लिहिलं ते सांगते, आडपडदा न ठेवता. मला आई माझ्या शाळेत नको होती. आधीच्या वर्षी पालकसभेत तिने क्लास टीचरना सांगितलं होतं, ‘मॅडम, माय डॉटर इज व्हेरी हुशार.’ तिला त्या क्षणी इंग्रजी शब्द सुचला नाही, एवढंच. माझ्या मागच्या बाकावरच्या मुली महिनाभर मला ‘व्हेरी हुशार’ म्हणून हाक मारत होत्या, आणि महिनाभर मी आईशी धड बोलले नव्हते. आता ती रोज शाळेत येणार, माझ्याच बसमधून, आणि असेंब्लीत माईकवर उभी राहून ‘ऑल गर्ल्स, स्टँड इन लाइनी’ म्हणणार. आई चिडखोर असती, दुष्ट असती तर एक वेळ समजलं असतं. ती माझे बूट पुसून ठेवायची. मला तिची लाज वाटायची, आणि मी तो सहाचा आकडा लिहिला, आणि त्याखाली स्वच्छ रेघ मारली. गणितात बॉल सहा फुटांवरून निघून कमरेखाली उतरला. बाबांनी माझी पाठ थोपटली आणि ते पान फाइलला लावलं. घरगुती भांडणाची फाइल करणारा माझ्या पाहण्यातला हा एकमेव माणूस.

गुरुवारी संध्याकाळी सर्जेराव जेवायला आले. ते कराडकडचे, इंडस्ट्रियल एरियात एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. बायको-मुलं गावाकडे, स्वतः कंपनीच्या खोलीत सहा जणांत. पंधरा दिवसांतून एकदा ते आमच्याकडे यायचे, दारात चपला अगदी कडेला काढायचे, आणि आईने वाढलेली प्रत्येक भाकरी हातात घेऊन आधी बघायचे, मग खायचे. बाबा त्यांना ‘आपले सर्जेराव’ म्हणायचे, पण मंडळाच्या बैठकीला कधी बोलवायचे नाहीत. त्या दिवशी बाबांनी त्यांच्यासमोर फाइल उघडली आणि गणित समजावून सांगितलं. सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं, ठेच्याचा शेवटचा घास संपवला, पाणी प्यायले.

‘साहेब, कागदावर कशापायी भांडताय? उद्या शुक्रवार, आमचं यार्ड बंद असतंय. मी पाइपाच्या चार चौकटी हुब्या करतो, त्यावर पेपर चिकटवतो. वहिनींनी फेकावा बॉल आरपार. भोकं कुठं पडत्यात ते टेप लावून बघू. भोकं काय कुणाच्या बाजूनं बोलत न्हाईत. खलास.’

बाबांना ही कल्पना इतकी आवडली की जेवण संपायच्या आत ती त्यांचीच झाली होती. त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना, नानांना, फोन करून साक्षीदार म्हणून बोलावलं. आई ताटं उचलत होती. ‘सही करणार ना मग?’ एवढंच तिने विचारलं. ‘अगं, चढला तर करणारच!’ बाबा म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला हवं, पण मी छान झोपले. माझा माझ्या सहा फुटांवर विश्वास होता! खोटं लिहिलेलं गणित फाइलला लागलं की आपल्यालाच खरं वाटायला लागतं.

सकाळी इंडस्ट्रियल एरियात चिटपाखरू नव्हतं. यार्डात पाइपांचे ढीग, गंजाचा वास, आणि मधोमध सर्जेरावांनी उभ्या केलेल्या चार चौकटी, प्रत्येकी दहा फुटांच्या अंतरावर, मल्याळी वर्तमानपत्र ताणून चिकटवलेल्या. चौथी चौकट म्हणजे बॅटवालीची जागा. नाना डोक्याला टोपी, हातात मुलाची क्रिकेटची बॅट घेऊन आले होते, उगीचच. आईने सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट घातलेले. तिने हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बांगड्या वर सरकवून त्यांवर रुमाल बांधला. पत्र तिच्या पर्समध्ये होतं, आणि पर्स तिने गाडीत न ठेवता सर्जेरावांच्या हातात दिली. माझ्या हातात नाही.

पहिला बॉल दुसऱ्या चौकटीच्या पाइपाला लागून बाजूला गेला. बाबा ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’ला आज इतक्या वर्षांनीही माझ्याकडून क्षमा नाही. आईने बॉल कमिजीला पुसला, दोन पावलं मागे गेली, हात गोल फिरला, आणि फाड-फाड-फाड-फाड असा एकच आवाज झाला. चारही कागदांत भोकं.

सर्जेराव टेप घेऊन पळत गेले आणि एकेक चौकटीशी वाकून ओरडून सांगू लागले. ‘पहिलं, दोन फूट नऊ! दुसरं, साडेतीन फूट! तिसरं, तीन फूट धा! चौथं, तीन फूट अकरा!’

बाबांनी फाइलमध्ये बघितलं, मग भोकांकडे, मग परत फाइलमध्ये. ‘शक्य नाही. पहिलं भोक साडेपाचच्या वर पाहिजे.’

‘साहेब, साडेपाच म्हंजी वहिनींच्या डोक्यावरनं जातंय की,’ सर्जेराव म्हणाले.

नानांना हसू आलं. बाबा आईकडे वळले, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच तिचा हात बघितला. ‘तू खालून टाकतेस?’ ते म्हणाले. सोळा वर्षं! जो माणूस हजारो काटे तपासून कुठला काटा केसाएवढा सरकला ते सांगायचा, त्याला आपली बायको बॉल वरून टाकते की खालून हे ठाऊक नव्हतं, आणि तरी तिची थट्टा करून त्याने सोळा वर्षं पोहे खाल्ले होते.

पण बुद्धिमान माणूस इतक्या सहज पडत नाही. बाबांनी स्वतः टेप हातात घेतली, परत मोजलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘बघा! पहिल्या ते दुसऱ्या भोकात नऊ इंचांचा चढ. मग चार. मग फक्त एक. म्हणजे चढ कमी कमी होतोय. बॉलने शेवटी उडी मारली असती तर शेवटचा आकडा मोठा हवा होता. चढतो, मान्य, कारण खालून वर फेकलाय. पण उडी? उडी मारतच नाही! तो भ्रम आहे!’ आणि चिडायची गोष्ट अशी की ते बरोबर होते.

नानांना हे पटेना. कागद बाजूला करायला लावून ते बॅट घेऊन चौथ्या चौकटीच्या जागी उभे राहिले. कॉलेजात आपण ओपनिंगला जायचो हे त्यांनी सर्जेरावांना सांगून घेतलं. आईने तीन बॉल टाकले. तिन्ही वेळा नानांची बॅट बॉलच्या खालून गेली, तिसऱ्या वेळी टोपीही उडाली. ‘उसळला!’ नाना ओरडले. ‘माझ्या डोळ्यांसमोर उसळला! हातभर उसळला!’

‘नाना, कागद बघा! एक इंच!’

‘कागद तुमच्याकडे ठेवा हो! बॅट माझ्या हातात होती!’

दोन सुशिक्षित माणसं गंजक्या पाइपांमध्ये उभी राहून एकमेकांवर ओरडत होती, आणि मधे उभी असलेली बाई, जिच्या हातातून तो बॉल सुटला होता, तिला विचारावं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. शेवटी तिनेच तोंड उघडलं. चिडून नाही, दमली होती, एवढंच.

‘उडी नाही मारत तो,’ आई म्हणाली. ‘कधीच नाही मारत. आमच्या सरांनी दोऱ्या बांधून दाखवलं होतं आम्हाला, पहिल्याच वर्षी. बॅटवाली शेवटच्या तीन-चार पावलांत बॉल बघूच शकत नाही, तेवढा वेळच नसतो. ती अंदाज करते की आता खाली येईल. मी बोटांनी उलटी फिरकी देते, म्हणून तिच्या अंदाजाइतका तो खाली येत नाही. मग ती म्हणते उसळला. तिला तसं वाटलं पाहिजे, तेच तर माझं काम आहे.’

मग बाबा म्हणाले, ‘मग इतकी वर्षं तू म्हणत होतीस की...’

‘मी कुठं म्हणत होते? मी चढतो म्हटलं होतं, एकदा, लग्नाच्या वर्षी. उडीचं तुम्हीच जोडलं. दर शुक्रवारी तुम्ही सांगू राहिले, लोक हसू राहिले. मला विचारलं कुणी?’

माझा मुलगा परवा फोनवर कुठल्याशा खेळाचं स्लो मोशन लावून मला हेच समजावून सांगत होता, बॉल, फिरकी, नजरेची फसगत. मी ऐकून घेतलं. पोह्यांवर खोबरं पेरत गप्प बसण्यात किती ताकद लागते ते मला आता कळतं. तेव्हा मात्र मी आईकडे नाही, बाबांच्या फाइलकडे बघत होते, कारण बाबांना आता गुन्हेगार हवा होता आणि तो सापडायला वेळ लागणार नव्हता.

‘स्वाती,’ ते म्हणाले, ‘तू तर रोज बघतेस. सहा फूट कुठून आणलेस?’

नाना बघत होते, सर्जेराव बघत होते. आणि आई म्हणाली, ‘तुमच्याच कागदातून. तिथं छापलेलं होतं ना सहा फूट? पोरीने तेच उतरवलं. तुम्ही दिलेल्या कागदावर विश्वास नाही ठेवणार तर कुणावर ठेवणार ती?’ हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती, आणि तिने नजर काढून घेतली ती अशी की मला कळलं, हिला सगळं समजलंय. कधी समजलं, त्या क्षणी की बुधवारीच, हे मी तिला कधी विचारलं नाही. आज ती नाशिकला असते, गुडघ्यांना तेल चोळत, बाबा शेजारी बसून तेल कसं चोळावं ते सांगत असतात, आणि दर रविवारी मी तिच्याशी फोनवर तासभर बोलते. तरी ही गोष्ट आम्ही काढलेली नाही.

सर्जेरावांनी पर्स पुढे केली. नानांनी पेन दिलं. बाबांनी गाडीच्या बॉनेटवर पत्र ठेवून सही केली, आणि मग, राहवलं नाही म्हणून, इंग्रजीतली ती चूकही दुरुस्त केली.

दुपारची जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. माफी मागायला गेले होते असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे ती बाबांना सांगणार की नाही याचा अंदाज घ्यायला गेले होते. ती ओटा पुसत होती. वळली नाही.

‘शाळेत मला मिस म्हणायचं,’ ती म्हणाली. ‘आई नाही.’

‘हो.’

‘मी तिथं तुझ्याशी मराठीत बोलणार नाही. काही निरोप असला तर टीममधल्या मुलीकडून देईन. बसमध्ये मी पुढं बसेन, तू तुझ्या मैत्रिणींबरोबर मागं बस. माईकवर मी जाणार नाही, तसं मॅडमना सांगून ठेवते. इंग्रजीचं मी बघते, शिकू राहिले मी. तू नको काळजी करू.’

‘बरं,’ मी म्हणाले. एवढंच म्हणाले. मला हायसं वाटलं होतं, ते लपवायचाही मी प्रयत्न केला नाही. त्या एका ‘बरं’साठी मी स्वतःचं तोंड फोडून घ्यायला हवं होतं.

आणि तिने शब्द पाळला. चार वर्षं पाळला. बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची आणि एकदाही मान वळवून बघायची नाही. तिची टीम नावारूपाला आली, मुली तिच्या मागेपुढे करायच्या, तिचं इंग्रजी घासूनपुसून चांगलं झालं, आणि माझी लाज कधीच विरून गेली होती. पण ती विरली आहे हे तिला सांगायचं मी आज-उद्यावर टाकत राहिले. बारावीत पी.टी.च्या तासाला सगळ्यांना बॅटिंग करावी लागायची. तिने तयार केलेली एक पिचर बॉल टाकत होती. राइज बॉल आला, मला वाटलं खाली येईल, मी वाकले, आणि तो सरळ तोंडावर बसला. ओठ फाटला, दात हलला, रक्त हनुवटीवरून शर्टावर. मी मैदानात खाली बसले आणि अख्ख्या वर्गासमोर, शाळेच्या खिडक्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, ‘आई! आई!’

ती धावत आली. माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली, नॅपकिनने रक्त टिपायला लागली. तिचे डोळे भरलेले होते. मी तिचा हात घट्ट धरून परत म्हणाले, ‘आई गं, दुखतंय.’

‘येस, चाइल्ड,’ ती म्हणाली. ‘मिस इज हिअर.’